भाड्याचे व्यासपीठ

इतिहासग्रंथांत सभेचा वृत्तान्त असतो, वक्ते असतात, ठराव असतात. सभागृह कोणी भाड्याने घेतले, मालकाने ते कोणत्या अटींवर दिले, याची नोंद क्वचितच सापडते. आम्हांला हा तपशील गौण वाटत नाही. बोलण्यासाठी आधी छप्पर लागते, आणि ते बहुधा दुसऱ्याचे असते.

लंडनमधील कॅक्स्टन हॉलचे उदाहरण घेऊ. १८८३ साली वेस्टमिन्स्टरचे नगरभवन म्हणून ही लाल विटांची वास्तू उभी राहिली. पुढे नगरकारभार अन्यत्र गेला आणि तिची दालने भाड्याने दिली जाऊ लागली. पार्लमेंट येथून चालत जाण्याच्या अंतरावर. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या संघटनेने १९०७ पासून येथे आपली 'स्त्रियांची संसद' भरवली. १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे ३०० स्त्रिया येथूनच पार्लमेंटकडे निघाल्या आणि वाटेत त्यांना पोलिसांचा मार खावा लागला.

मराठी वाचकाला हे सभागृह वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांचा वध केल्यावर, ५ जुलै १९०९ रोजी, आगाखानांच्या अध्यक्षतेखाली निषेधाची सभा भरली ती येथेच. ठराव एकमताने संमत झाल्याचे जाहीर होताच सावरकरांनी 'एकमताने नाही' असा विरोध नोंदवला, आणि सभेत हाणामारी झाली. पुढे १३ मार्च १९४० रोजी उधमसिंगांनी मायकेल ओड्वायर यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याही याच वास्तूत. त्या सभेच्या आयोजकांपैकी ईस्ट इंडिया असोसिएशन ही १८६६ साली दादाभाई नौरोजींच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था होती, हा इतिहासाचा विचित्र विनोद. १९६७ साली नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या आरंभीच्या सभांनाही याच भिंतींनी आसरा दिला. या भिंतींना कोणतीच बाजू नव्हती. भाड्याच्या सभागृहाचे बळ यातच होते, आणि त्याचा धोकाही.

सभागृहे नकारही देत. १९१३ साली रॉयल अल्बर्ट हॉलने मताधिकारवादी स्त्रियांना दारे बंद केली. पण तो नकार चव्हाट्यावरचा होता. त्यावर वृत्तपत्रांत वाद घालता येत असे.

गेल्या दीड दशकात हा व्यवहार संकेतस्थळांवर गेला. लिक्विडस्पेस २०१० साली निघाले. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पिअरस्पेस आणि टोकियोत स्पेसमार्केट सुरू झाले. कोणाचा स्टुडिओ, कोणाची गच्ची, कोणाचे रिकामे दुकान, सारे तासाच्या बोलीवर मिळू लागले. मध्यस्थ आपले शुल्क घेतो. माँट्रियलची ब्रीदर ही कंपनी स्वतःच जागा भाडेपट्ट्याने घेऊन तासांच्या तुकड्यांनी देत असे; करोनाकाळात, २०२० च्या अखेरीस, तिने त्या बंद करण्याचा निर्णय घेतला.

ओळख ना पाळख, चिठ्ठी ना शिफारस, अशा चारजणांच्या मंडळालाही आज दुपारपुरती खोली मिळू शकते. हा लाभ लहान नव्हे. जुन्या विश्वस्तांपुढे टोपी काढून उभे राहणाऱ्यांना त्याचे मोल विचारावे.

तरीही एक प्रश्न उरतो. पिअरस्पेससारख्या ठिकाणी आरक्षण करताना माणसे किती येणार हे सांगावे लागते, आणि नेमका पत्ता बहुधा आरक्षण पक्के झाल्यावरच कळतो. वाढदिवसाला, चित्रीकरणाला, कंपनीच्या बैठकीला हे चालते. पण सभा म्हणजे जिला किती माणसे येतील हे बोलावणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि विरोध करणारा जिच्यात आगंतुकासारखा उठून उभा राहू शकतो. कॅक्स्टन हॉलमधला तो विरोध निमंत्रितांच्या यादीत बसला असता का?

शिवाय नकाराचा अधिकारही आता मध्यस्थाकडे गेला आहे. निवासाच्या जागा देणाऱ्या एअरबीएनबीने ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलच्या वर्णवर्चस्ववादी मेळाव्याला जाणाऱ्यांची आरक्षणे रद्द केली. जानेवारी २०२१ मध्ये, अध्यक्षांच्या शपथविधीच्या आठवड्यात, वॉशिंग्टन परिसरातील सरसकट सगळीच. पहिल्या निर्णयाबद्दल आम्हांला खेद नाही. दुसऱ्यात मात्र कोण कशासाठी येतो आहे हे पाहण्याचीही गरज उरली नव्हती.

कॅक्स्टन हॉल आता भाड्याने मिळत नाही. १९७९ पर्यंत तेथे नोंदणी विवाह होत. १९६५ साली बीटल्सपैकी रिंगो स्टारचाही तेथेच झाला. २००६ साली वास्तूचे रूपांतर सदनिका व कार्यालयांत झाले, दर्शनी भाग तेवढा राखला गेला. जवळच्या बागेत १९७० साली उभारलेल्या मताधिकार-स्मारकावर शेजारच्या या सभागृहाचा नामोल्लेख आहे.