घरचा अभ्यास, पण कुणाच्या घरचा?

१६ जुलै २०२१ ला महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागला आणि ९९.९५ टक्के मुलं पास झाली. मीम्स फिरले, ‘कोरोना बॅच’ हे नाव पडलं. तुम्ही त्या बॅचचे असाल तर टोमणे अजून ऐकत असाल. मला मात्र त्या निकालातली वेगळीच गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी वाटते. लेखी परीक्षा झालीच नव्हती. मे अखेरीस सूत्र ठरलं: दर १०० गुणांत ५० नववीच्या निकालावरून, ३० दहावीतल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० गृहपाठ, तोंडी किंवा प्रात्यक्षिकावरून.

म्हणजे ज्या वहीवर आम्ही शिक्षक घाईघाईत लाल टिक मारून सही ठोकायचो, ती थेट बोर्डाच्या निकालात जाऊन बसली. मी चिखलीत माध्यमिकला शिकवतो. त्या दिवसांत गुणांचा तक्ता भरताना एक प्रश्न सारखा टोचायचा: हे २० गुण मी मुलाला देतोय की त्याच्या घराला?

प्रश्न जुना आहे. शाळेत जायच्याही आधी मराठी घरात एक गृहपाठ होता, परवचा. तिन्हीसांजेला दिवा लागला की ‘शुभं करोति’, मग पाढे, पावकी-निमकी-पाऊणकी, तिथी, नक्षत्रं. कागद लागत नसे, तपासायला आजी पुरे. पण आजीला अडीचकी पाठ असायची ती ठरावीक जातींच्या घरांत. बाकीच्या घरांत संध्याकाळ भाकरीची, नाहीतर गुरांची.

शाळा आली तेव्हा सुरुवातीला पाटी होती, आणि पाटीवरचा अभ्यास पुसला जातो. घरून लिहून आणायचं, दुसऱ्या दिवशी दाखवायचं, हे खऱ्या अर्थानं वहीमुळे जमलं. आणि वहीसोबत तीन गोष्टी लागायला लागल्या: उजेड, बसायला जागा आणि अडलं तर सांगणारं कुणीतरी.

या तीन गोष्टींशिवायचा गृहपाठ कसा होतो, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. परळच्या चाळीतली एकच खोली. भीमराव लवकर झोपायचे, रामजी सुभेदार जागत बसायचे आणि रात्री दोनला मुलाला उठवायचे. घर झोपलेलं असताना दिव्याच्या उजेडात अभ्यास व्हायचा. १९०७ ला ते मॅट्रिक झाले. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, भाषणात टाळ्याही घेतो. मला तीत घड्याळाकडे बघत जागणारा बाप जास्त दिसतो. असा बाप प्रत्येकाला मिळत नाही, आणि शाळा ते गृहीत धरून चालते.

यावर विसाव्या शतकातल्या काही शहाण्या माणसांनी सरळ उपाय काढला: मुलाला दुसरं घरच द्यायचं. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवलं, पुढे १९३२ च्या सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था आली. या वसतिगृहांचा इतिहास आपण राहण्या-जेवणाची सोय म्हणून वाचतो. ती अभ्यासाच्या उजेडाचीही सोय होती.

खेडोपाडी हायस्कूलं निघाली तशी मुलं घरीच राहून शिकू लागली आणि प्रश्न पुन्हा घरात आला. तिथे गाईड पोचलं. नवनीत १९५९ ला सुरू झालं. मग डायजेस्ट, ‘२१ अपेक्षित’. गाईडला शिव्या देणं शिक्षकांना शोभतं. मीही देतो, कारण चाळीस वह्यांत एकच उत्तर छपाईच्या चुकीसकट वाचावं लागतं. पण ज्या घरात दहावीपर्यंत कुणीच गेलेलं नाही, तिथे अडलेलं सांगणारं ते एकमेव माणूस होतं. (कॉलेजात याच प्रकाराला जर्नल म्हणतात. मागच्या वर्षीच्या सीनियरचं, झेरॉक्सवाल्याकडे मिळतं.)

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि गृहपाठ व्हॉट्सॲपवर आला. वर्गाच्या ग्रुपवर फोटो कधी पडतात, यावरून मला मूल कुठलं ते कळू लागलं. दुपारी पडले तर चिखली गावातलं. रात्री नऊनंतर पडले तर खेड्यावरचं, कारण फोन बापाच्या खिशात आणि बाप वावरात. काही फोटो कधीच पडले नाहीत. त्या मुलांच्या वह्या मी नंतर मागवून घेतल्या. एका मुलीनं प्रश्न मैत्रिणीकडून उतरवून आणून पानंच्या पानं लिहिलेली होती, फक्त कुणी तपासलेली नव्हती. तक्त्यात ‘फोन नव्हता’ असा रकाना नव्हता. मी तिला पूर्ण गुण दिले.

२०२० च्याच केंद्राच्या दप्तर धोरणानं नववी ते बारावीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सांगितलाय. आकडा वाजवी आहे. पण आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी दिवाळीच्या आधी येते, आणि तेव्हा ते दोन तास काढायचे कुठून हे धोरणात नाही. मी आता निम्मा गृहपाठ शेवटच्या तासाला वर्गातच लिहून घेतो. खेड्यावरची मुलं वह्या माझ्या टेबलावर ठेवतात आणि एसटी धरायला पळतात.