एक नदी, दोन शहरे

समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, एल्ब नदीवर वसलेले हॅम्बर्ग हे जर्मनीचे सर्वांत मोठे बंदर. एकेकाळी तिथला कारभार व्यापाऱ्यांच्याच हाती होता. ऑगस्ट १८९२ मध्ये तिथे पटकीची साथ आली. व्यापार बसेल या धास्तीने ती जाहीर करायला उशीर झाला. सुमारे ८,६०० माणसे दगावली.

शेजारचे आल्टोना मात्र बरेचसे वाचले. तेही एल्बचेच, शिवाय हॅम्बर्गचे सांडपाणी मिसळलेले पाणी घेत असे. मग फरक कशात? आल्टोनात पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाई, हॅम्बर्गमध्ये नाही. रॉबर्ट कॉख यांनी नेमके यावरच बोट ठेवले. खर्चाच्या वादात रखडलेली गाळणयंत्रणा हॅम्बर्गमध्ये १८९३ साली सुरू झाली.

पाण्याचे शुद्धीकरण शिकवताना वाळूच्या थरांबरोबर या रखडण्याची किंमतही आपण सांगायला हवी.