एक फी, दोन पोरं

आजचा एपिसोड जरा घरचा आहे.

मी बीटेक, सॉफ्टवेअरमध्ये. ताईला बारावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, तरी ती तालुक्याच्या कॉलेजात बीएला गेली. मला वाटायचं, तिची आवड.

आता थोडं मागे जाऊ. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची सुरुवात १८५४ची, मुंबईच्या व्हीजेटीआयची १८८७ची, कराडच्या सरकारी कॉलेजची १९६०ची. अशी कॉलेजं मोजकीच, त्यामुळे जागाही थोड्या. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि इंजिनिअरिंग जिल्ह्याजिल्ह्यात पोचलं. माझ्यासारखी गावाकडची पोरं त्यामुळेच इंजिनिअर झाली, हे खरंच.

पण विनाअनुदानित म्हणजे काय? सरकारचं अनुदान नाही, खर्च फीमधून. म्हणजे मेरिट लिस्टमध्ये नाव आलं तरी शेवटचा निर्णय घरात होणार. आमच्याकडे फी एकाचीच झेपणार होती. ती माझी भरली.

२०२४-२५ पासून राज्याने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी पूर्ण माफ केली. ही बातमी ताईला फोनवर सांगितली. ती म्हणाली, “चांगलं झालं. मला तर कुणी विचारलंच नव्हतं रे.”

तुमच्या घरात हा हिशोब कुणी केला? आज विचारून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.