कारखाने आधी, स्टुडिओ मागाहून : बंगळूरमधले औद्योगिक डिझाइनचे शिक्षण

औद्योगिक डिझाइनचा विद्यार्थी वर्गापेक्षा स्टुडिओत जास्त शिकतो. त्याच्या हाती एक ब्रीफ पडते, म्हणजे कोणासाठी काय करायचे याचे थोडक्यात टिपण. त्यासाठी काही आठवडे मिळतात. आधी माणसांचे निरीक्षण, मग ढीगभर रेखाटने, मग पुठ्ठ्याची आणि फोमची मॉडेल्स, आणि शेवटी ज्युरीपुढे उभे राहून प्रत्येक निर्णयाचे समर्थन. असे एकामागून एक प्रोजेक्ट पार पाडण्यातच अभ्यासक्रमाची वर्षे सरतात. ही पद्धत बंगळूरला बरीच उशिरा पोचली. विमाने, टेलिफोन, रेडिओची उपकरणे आणि मनगटी घड्याळे हे शहर कधीपासूनच बनवत होते. त्या वस्तूंना रूप द्यायला शिकवणाऱ्या संस्था मात्र विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी उभ्या राहू लागल्या. हा उलटा क्रम इथल्या स्टुडिओच्या घडणीत आजही दिसतो.

स्टुडिओची कल्पना मुळात जर्मनीतली. 1919 मध्ये वाइमारला स्थापन झालेल्या बाउहाउसमध्ये योहानेस इटनने पायाभूत अभ्यासक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी आधी लाकूड, कागद, धातू हाताळून बघत आणि वस्तू नंतर घडवत. नाझींच्या दडपणामुळे 1933 मध्ये ती शाळा बंद पडली. 1953 मध्ये सुरू झालेल्या उल्मच्या शाळेने तोच धागा उचलला, पण त्यात गणित, मानवी शरीराची मापे आणि उत्पादनतंत्र यांची भर घातली. तीही 1968 मध्ये बंद झाली. भारतात सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने 1958 मध्ये आपला अहवाल दिला आणि 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालातला लोट्यावरचा उतारा नवशिक्यांना आजही वाचायला दिला जातो, आणि कधीकधी गरजेपेक्षा जास्त भक्तिभावाने. मुंबईत 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजेच आयडीसी, सुरू झाले. त्याचे संस्थापक सुधाकर नाडकर्णी उल्ममध्येच शिकून आले होते. पुढची पंचवीस-तीस वर्षे बंगळूरच्या कारखानदाराला प्रशिक्षित डिझायनर हवा असेल तर त्याची नजर बहुधा अहमदाबादकडे किंवा पवईकडे जाई.

त्या कारखान्यांच्या इतिहासात मराठी नावे ठळक आहेत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर 1940 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. तिथले डॉ. विष्णू माधव घाटगे मूळचे कोल्हापूर भागातले. गॉटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. 1941 मध्ये त्यांनी दहा आसनी ग्लायडर रचले, 1942 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू करून दिले आणि त्यांच्या एचटी-2 या प्रशिक्षण विमानाने ऑगस्ट 1951 मध्ये पहिले उड्डाण केले. मात्र या मंडळींच्या लेखी डिझाइन म्हणजे वजन, ताकद आणि वायुगतिकी. बैठकीचा कोन किंवा दांड्याची मूठ यांसाठी वेगळा तज्ज्ञ असावा, असा विचार ड्रॉइंग ऑफिसात तेव्हा रुजलेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर टेलिफोन बनवणारी आयटीआय 1948 मध्ये आली, यंत्रे बनवणारी एचएमटी 1953 मध्ये, भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बीईएल 1954 मध्ये. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे बनवायला घेतली. ‘जनता’ हे तिचे घड्याळ महाराष्ट्रातही घरोघरी पोचले. लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबाला तेच दिले जाई. या कारखान्यांचे खरे भांडवल होते टूल-रूम. साचे, जिग आणि फिक्स्चर यांत हात बसलेले कारागीर तिथे तयार झाले. 1970 च्या दशकात पीण्या औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हा हेच कौशल्य छोट्या वर्कशॉपांत पसरले. पुढे डिझाइनच्या विद्यार्थ्यांना एखादाच नमुना यंत्रावर कातून मिळू लागला तो या जाळ्यामुळे.

कारखाना आणि डिझाइनची शाळा यांची गाठ पडल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मतदान यंत्र. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने त्याचा नमुना केला, 1980 मध्ये राजकीय पक्षांपुढे प्रात्यक्षिक झाले, आणि बंगळूरची बीईएल त्याच्या निर्मितीत उतरली. 19 मे 1982 रोजी केरळातल्या परवूर मतदारसंघात 50 मतदान केंद्रांवर यंत्र वापरले गेले. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये ते मतदान अमान्य केले. 1988 च्या दुरुस्तीने कायद्याचा अडसर दूर झाल्यावर यंत्राला आज ओळखीचे असलेले रूप देण्याचे काम आयडीसीतले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांच्याकडे आले.

स्टुडिओ शिकवतो तेच इथे प्रत्यक्षात दिसते. मतदाराला वाचता येत असेलच असे नाही, म्हणून नाव आणि चिन्ह यांच्या अगदी समोर एक निळे बटण. बटण दाबले की शेजारचा लाल दिवा लागतो आणि शिट्टीसारखा लांब आवाज येतो. म्हणजे मत पडले हे डोळ्यांना आणि कानांना दोन्हीकडून कळते. एका मतपत्र एककावर 16 बटणे. उमेदवार कमी असतील तर उरलेली बटणे झाकता येतात. केंद्राध्यक्षाच्या हातातले नियंत्रण एकक याहून विचारपूर्वक केलेले आहे. मतदान संपवण्याचे आणि निकालाचे बटण झाकणांखाली असते, झाकणांना सील लागते, त्यामुळे काम ठरलेल्या क्रमानेच करावे लागते. दोन्ही एककांना हाताने नेण्याजोग्या पेट्या आहेत, कारण मतदान पथकाला कधी होडीतून तर कधी डोंगर चढून जावे लागते. यंत्राच्या विश्वासार्हतेवरचा राजकीय वाद निराळा; वापरणाऱ्याचा विचार करून घडवलेली वस्तू म्हणून ते भारतीय औद्योगिक डिझाइनच्या पहिल्या रांगेत बसते. नोव्हेंबर 1998 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या 16 विधानसभा मतदारसंघांत ते वापरले गेले आणि त्यानंतर देशभर पसरले.

खासगी क्षेत्रात ही गाठ टायटनने मारली. 1984 मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारचे महामंडळ यांनी मिळून ती स्थापन केली. कारखाना होसूरला, कारभार बंगळूरला. एचएमटीचे घड्याळ वेळ दाखवण्यासाठी घेतले जाई, टायटनने ते दागिन्यासारखे विकले. साहजिकच कंपनीत डिझाइन स्टुडिओ आला आणि एनआयडीतून शिकलेल्या तरुणांना तिथे काम मिळाले. 2002 मध्ये आलेले ‘एज’ हे घड्याळ जेमतेम 3.5 मिलिमीटर जाडीचे होते. आतले यंत्र 1.15 मिलिमीटरचे. टायटनच्या स्टुडिओचे प्रमुख राहिलेले मायकेल फोली यांनी पुढे स्वतःची संस्था काढली. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेची क्वीन्स बॅटन त्यांच्याच स्टुडिओतून आली.

शहरातल्या शाळा या पार्श्वभूमीवर आल्या. गीता नारायणन यांनी 1996 मध्ये येलहंका भागात सृष्टी ही संस्था सुरू केली. तिचा कल कलेकडे आणि समाजाकडे. विद्यार्थ्याने वस्तीत, शाळेत, तलावाकाठी जाऊन प्रश्न शोधावा आणि मग वस्तू करावी, असा तिचा आग्रह. भारतीय विज्ञान संस्थेत 1974 पासून स्विस सहकार्याने इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनचे केंद्र चालू होतेच. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे उत्पादन डिझाइन आणि निर्मितीचे केंद्र उभे राहिले. त्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मुख्यतः अभियंत्यांसाठी. इथला विद्यार्थी गिअर आणि मोटर यांना बिचकत नाही, पण पहिल्या सत्रात हाताने नीट वर्तुळ काढताना घाम गाळतो. येलहंक्यात बरोबर उलटे. तिसरी संस्था एनआयडीचीच. तिचा संशोधन आणि विकास परिसर 2006-07 च्या सुमारास तुमकूर रस्त्यालगत सुरू झाला, आणि त्याचा भर परस्परसंवाद, माहिती, डिजिटल खेळ, किरकोळ विक्रीचा अनुभव अशा नव्या शाखांवर राहिला. परिसराचा पत्ता आहे एचएमटी लिंक रोड. ज्या कंपनीचे नाव रस्त्याला आहे तिच्या घड्याळ विभागाला टाळे लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. विद्यार्थ्यांना हाताशी मिळायला हवे होते असे मोठे शॉपफ्लोअर ते येईपर्यंत मावळतीला लागले होते.

स्टुडिओचा क्रम संस्थेगणिक थोडा बदलतो, गाभा एकच. सुरुवातीला आकाराचे अभ्यास असतात: एका ठोकळ्याचे हळूहळू गोलात रूपांतर करणे, दोन घन असे जोडणे की सांधा नैसर्गिक वाटावा. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. मिक्सरच्या भांड्याचा कान जिथे भांड्याला मिळतो ती जागा नीट का दिसत नाही, हे समजायला हाच अभ्यास लागतो. मग साधी वस्तू, मग यंत्र असलेली वस्तू, मग अनेक वस्तूंची मिळून होणारी व्यवस्था, आणि शेवटी डिप्लोमा किंवा प्रबंधाचा प्रोजेक्ट.

यातले सर्वांत वेळखाऊ काम मॉडेलचे. पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यावर समोरून आणि बाजूने कागदी टेम्प्लेट चिकटवून करवतीच्या पात्याने जादा भाग उतरवतात, कानशीने वळण आणतात, मग जाड पॉलिश पेपर आणि त्यानंतर बारीक. थर्मोकोल स्वस्त मिळतो, पण थिनर लागताच विरघळतो, म्हणून रंग द्यायच्या मॉडेलला चालत नाही. फोमची छिद्रे पुट्टीने भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा भरायची. प्राइमरचा पहिला हात बसला की तोवर न दिसलेला प्रत्येक खड्डा उठून दिसतो आणि सगळे पहिल्यापासून. बंगळूरच्या पावसाळी हवेत आणखी एक संकट: दमट हवेत मारलेल्या लॅकरच्या रंगातून थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि चकचकीत काळ्या मॉडेलवर पांढुरकी छटा येते. ज्युरीच्या आदल्या रात्री जागणे या शिक्षणात नित्याचे असण्यामागे आळसाइतकाच वाळण्याचा वेळही कारणीभूत आहे.

सामानाची खरेदी जुन्या पेठेत होते. 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेली ही पेठ धंद्यांनुसार वसलेली आहे. तिच्याच अंगाचा सादर पत्रप्पा रस्ता, बोलण्यात एस. पी. रोड, हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाऊ. सेन्सर, मोटर, जुने सर्किट बोर्ड, स्क्रू असे सगळे तिथे सुटे मिळते. दुकानदाराला भागाचे नाव सांगता आले नाही तरी काम सांगितले की तो डबा काढून देतो.

कारागिरांबरोबरचे प्रोजेक्ट म्हणजे या शिक्षणाचा दुसरा मोठा भाग, आणि बंगळूरकरांसाठी तो चन्नपट्टणला घडतो. म्हैसूर रस्त्यावर साधारण 60 किलोमीटरवर असलेल्या या गावाच्या लाखेच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. परंपरेचे श्रेय टिपू सुलतानाच्या काळाला दिले जाते. लाकूड कानडीत हाले, आपल्याकडचा काळा कुडा: पांढरे, मऊ, बारीक पोताचे. ते लेथवर फिरत असताना कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळे ज्याने पाहिली आहेत त्याला फरक कळेल. इथे ब्रश लागतच नाही.

विद्यार्थी बहुधा चौकोनी आराखडा घेऊन जातो आणि पहिल्याच दिवशी त्याला कळते की लेथ फक्त गोल देतो. मग गोल तुकडे कापून जोडणे, केंद्र बाजूला सरकवून कातणे, अशा वाटा कारागिराच्या सल्ल्यानेच सापडतात. सुरक्षेचे नियमही इथेच अंगवळणी पडतात. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या चाचणी नळीत पूर्ण बसला, तर तो घशात अडकू शकतो असे धरून बाद होतो. 1 जानेवारी 2021 पासून भारतात बहुतेक खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन सक्तीचे झाले, तेव्हा अशा बाबी गृहपाठापुरत्या उरल्या नाहीत. या प्रोजेक्टांतून कारागिराच्या पदरात काय पडते हा प्रश्न मात्र अवघड आहे. विद्यार्थी काही आठवड्यांत दस्तऐवज बांधून परततो. नमुन्याला गिऱ्हाईक मिळाले तरच कारागीर तो पुन्हा करतो.

संगणकाने स्टुडिओ बदलला, पण वाटतो तितका नाही. थ्री-डी प्रिंटर रात्रीत आकार काढून देतो, तरी त्यावरच्या थरांच्या रेषा घालवायला पुट्टी आणि पॉलिश पेपर लागतोच. खरा बदल ब्रीफमध्ये झाला. विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी एन्कोर कंपनीबरोबर मिळून केलेला सिम्प्युटर हा अल्पशिक्षितांसाठीचा हातातला संगणक. त्याचे ‘अमिडा’ हे रूप 2004 मध्ये बीईएलने बनवले. बाजारात तो चालला नाही, पण पडदा आणि वस्तू एकत्र डिझाइन करण्याचा प्रश्न त्याने शहरात लवकर आणला. 2018 मध्ये रस्त्यावर आलेल्या एथर 450 या स्कूटरने तोच प्रश्न पुढे नेला. स्कूटरच्या हँडलमागचा नकाशा दाखवणारा पडदाही आता औद्योगिक डिझायनरच्या कामात मोडतो.

शेवटचा प्रोजेक्ट बहुतेकदा कंपनीत होतो आणि साधारण सहा महिने चालतो. संस्थेचा एक मार्गदर्शक, कंपनीचा एक. इथे विद्यार्थ्याला साच्याची किंमत पहिल्यांदा कळते: प्लास्टिकच्या भागाला आतल्या बाजूने वळलेली कड दिली तर साच्यात सरकता भाग लागतो आणि खर्च वाढतो, भिंतीची जाडी एकसारखी नसेल तर बाहेरून खळगा पडतो, भाग साच्यातून निघावा म्हणून उभ्या भिंतीला किंचित उतार द्यावा लागतो. कंपनी गोपनीयतेचा करार करून घेत असल्याने काही प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडताच येत नाहीत. असे विद्यार्थी ज्युरीला काम बंद दाराआड दाखवतात आणि नोकरीच्या मुलाखतीला जुन्या स्टुडिओ प्रोजेक्टांचाच पोर्टफोलिओ घेऊन जातात.