हात काढून घेतल्यावर : ऑटोपायलटच्या सर्वोची गोष्ट

मंडळी, ऑटोपायलटचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा सुरुवात भोवऱ्यापासून होते. वेगाने फिरणारा जायरो आपली दिशा सोडत नाही, म्हणून विमान किती कललं हे त्याच्यावरून कळतं. खरंच आहे ते. पण नुसतं कळून विमान सरळ होत नाही ना! एलेरॉन हलवावे लागतात, एलिव्हेटर ढकलावा लागतो. हे काम करणारा यंत्राचा जो हात, तो म्हणजे सर्वो. आज आपण भोवरा जरा बाजूला ठेवू आणि या हाताकडे पाहू. कारण घरी विमान बांधणाऱ्याला स्वतः नटबोल्ट आवळून जे बसवावं लागतं, ते हेच.

१८ जून १९१४. पॅरिसजवळ बेझाँ इथे, सीन नदीवर, विमानांच्या सुरक्षिततेची स्पर्धा चालू होती. एल्मर स्पेरी हे जायरो-होकायंत्रासाठी नावाजलेले. त्यांचा २१ वर्षांचा मुलगा लॉरेन्स कर्टिसची उडती बोट घेऊन आला होता. पहिल्या फेरीत परीक्षकांसमोरून जाताना त्याने दोन्ही हात वर केले. दुसऱ्या फेरीत त्याचा मेकॅनिक एमिल काशाँ चक्क पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचं वजन आलं की विमान कलणारच. पण एलेरॉन आपोआप हलले आणि ते सरळ राहिलं. तिसऱ्या फेरीत लॉरेन्स स्वतःही दुसऱ्या पंखावर गेला. चालकाची जागा रिकामी! ५०,००० फ्रँकचं बक्षीस त्याला मिळालं. लोकांना आठवतात ते वर केलेले हात. आम्हाला महत्त्वाचे वाटतात ते कुणी न हलवता हललेले एलेरॉन.

पुढे १९३३ साली वायली पोस्ट या एका डोळ्याच्या वैमानिकाने ‘विनी मे’ विमानातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली : ७ दिवस, १८ तास, ४९ मिनिटं. दोन वर्षांपूर्वी हॅरॉल्ड गॅटी सोबत असताना साडेआठ दिवसांहून जास्त लागले होते. म्हणजे माणूस एक कमी झाला आणि वेळही कमी झाला. गॅटीच्या जागी या वेळी स्पेरीचा ऑटोपायलट होता. त्याचे जायरो हवेवर फिरत आणि हात तेलाच्या दाबावर हलत. वाटेत त्याच्या दुरुस्तीसाठी पोस्टला थांबावंही लागलं.

आता घरगुती विमानांकडे येऊ. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना उभी केली. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः बांधलात, तर तिथे ‘प्रायोगिक’ वर्गात परवाना मिळतो, आणि त्यात प्रमाणपत्र नसलेली उपकरणंही बसवता येतात. स्वस्त डिजिटल ऑटोपायलट आधी या गॅरेजांमध्ये रुजले, ते यामुळेच.

या परंपरेतलं टोकाचं उदाहरण म्हणजे ‘व्हॉयेजर’. बर्ट रुटनने आखलेलं, मोहावीच्या हँगरमध्ये स्वयंसेवकांच्या मदतीने बांधलेलं. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर यांनी कुठेही इंधन न भरता नऊ दिवसांत जगाला फेरी मारली. उड्डाणाच्या वेळी वजन सुमारे ४,४०० किलो, त्यातलं ३,१०० किलोच्या वर इंधन! विमान असं जड असताना लांबलचक पंख लवत आणि नाक वर-खाली डोलू लागे. ते हाताने तासन् तास आवरणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं. चैनीची वस्तू म्हणून आलेला ऑटोपायलट इथे प्राणवायूसारखा झाला.

बरं, मग धोका कुठे? सर्वो बसवतात तो एलेरॉनच्या किंवा एलिव्हेटरच्या बेलक्रँकजवळ, आणि एका छोट्या दांडीने त्याला जोडतात. ऑटोपायलट बंद असतानाही तो दांडा स्टिकबरोबर हलत असतो. घरी पायाने चालवायचं शिलाई मशीन ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत असेल : दांडा आणि चाकाची कडी एका रेषेत आली की पाय कितीही दाबा, चाक हलत नाही. सर्वोचा दांडा नेमका त्या रेषेत गेला, तर एलिव्हेटर तिथेच अडकतो आणि स्टिक मागे येत नाही. म्हणून त्याची चाल त्या रेषेच्या बरीच आधी थांबवणारे ठोस अडसर हवेतच. दांडीच्या टोकाचं बेअरिंग तुटलं तरी दांडी निसटू नये म्हणून बोल्टवर मोठा वॉशर घालतात. चार आण्याचा वॉशर, पण तो विसरू नका.

दुसरी गोष्ट ताकदीची. यंत्राचा हात माणसाच्या हातापेक्षा दुबळा ठेवावा लागतो. कुठे घसरणारा क्लच असतो, कुठे जोर वाढला की तुटणारा मुद्दाम कमकुवत स्क्रू, कुठे स्टेपर मोटर. तिचा टॉर्क सेटिंगमधून कमी करता येतो आणि वीज तोडली की ती जवळजवळ मोकळी होते. स्पेरीला जगाला दाखवायचं होतं की हात लागतच नाहीत. गॅरेजमधला माणूस मात्र आपलाच हात शेवटी वरचढ राहील याची सोय करत बसतो. आम्हाला ही प्रगती स्पेरीच्या प्रयोगाइतकीच मोठी वाटते, जरी तिला बक्षीस कुणी दिलं नाही.

मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं; आज वेळ नाही.

शेवटची तपासणी जमिनीवरच होते. इंजिन बंद, ऑटोपायलट चालू. जागेवर बसून स्टिक धरायची आणि सर्वोशी झटायचं : डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, अगदी टोकापर्यंत. मग स्टिकवरचं बटण दाबून तो सुटतो का पाहायचं, मग वीज तोडून पाहायचं. कुठे अडलं, तर पॅनेल पुन्हा उघडायचं. चला, आता प्रश्न घेऊ.