पेंड, कोंडा आणि तळ्यातला मासा

आता तळ्याकडे वळू. 1957 साली हिरालाल चौधुरींनी ओडिशात संप्रेरक टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. बीज हाती येऊ लागलं, तसा खाद्याचा प्रश्न वाढला. उत्तर गिरणीत आणि घाण्यावर आधीपासून होतंच: तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची नाहीतर मोहरीची पेंड. पुढे आंध्रात कोल्लेरूच्या बाजूला शेतकरी तेल काढलेला कोंडा भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून पाण्यात टांगू लागले. मासा भोकाशी येतो, हवं तेवढं खातो. आम्हाला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

याला टाकाऊ म्हणतात. कोणाच्या लेखी टाकाऊ? (तत्त्वज्ञान शिकवलेली माणसं आम्ही, हे विचारणारच.) सरकीची पेंड तर आपल्याकडे म्हशीच्या तोंडची.

आणि ती निर्धोकही नव्हे. 1960 च्या सुमारास अमेरिकेत पाळीव रेनबो ट्राउट माशांत यकृताच्या कर्करोगाची साथच आली. माग काढता काढता दोष निघाला सरकीच्या पेंडीवरच्या बुरशीचा. त्याच वर्षी इंग्लंडात शेंगदाणा पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले. दोन्हीकडे विष एकच, अफ्लाटॉक्सिन. ते साध्या शिजवण्यानं जात नाही. पेंड कोरडी ठेवावी लागते.