मिरजेचे ‘मिशन’

आमच्या घरी कुणाला अंधुक दिसू लागले, की जुनी माणसे म्हणत, “मिशनात दाखवून या.” मिशन म्हणजे मिरजेचे इस्पितळ, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. त्या शब्दामागे एक चर्च उभे आहे, हे कॉलेजात गेल्यावर कळले.

रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशन सुरू केले. पुढे ते अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेले. या चर्चने १८८९ मध्ये विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या तरुण डॉक्टरला इकडे पाठवले. आधी सांगलीत दवाखाना आणि १८९४ पासून मिरजेत इस्पितळ. इमारतीसाठी पैसा दिला तो फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. त्यांचा कारखाना आगगाडीची इंजिने बनवणारा! योगायोग गमतीचा, कारण इस्पितळ वाढले तेही रेल्वेमुळेच. पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशा तिन्ही अंगांनी मिरज जंक्शनवर रोगी उतरत.

१८९७ मध्ये वानलेसांनी वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू केले. मला हे पाऊल शस्त्रक्रियांहून मोलाचे वाटते. परदेशी डॉक्टर आज ना उद्या जाणार. शिकलेली इथली माणसे मात्र गावोगाव दवाखाने थाटणार. क्षयरोग्यांसाठी पुढे आरोग्यधाम झाले, त्या भागाला आजही वानलेसवाडी म्हणतात. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांनी रोगी पाहण्याचे धडे याच इस्पितळात गिरवले.

धर्मांतराचा हेतू होता का? होताच, आणि मिशनने तो कधी लपवला नाही. औषधाबरोबर प्रार्थनाही असे. पण मिरजेने औषध घेतले, धर्म बहुतांशी घेतला नाही. ख्रिस्ती वस्ती लहानच राहिली. म्हणून हा सगळा खटाटोप धर्मप्रसाराच्या खात्यात टाकून मोकळे होणे मला पटत नाही. निव्वळ परोपकार म्हणून आरती ओवाळणेही नाही.

आपण वानलेसांचे नाव घेतो, परिचारिकांचे घेत नाही. परक्याचे मलमूत्र काढणे हे वरच्या जातींतल्या बाईला त्या काळी अशक्यच होते. ते काम पत्करले ख्रिस्ती मुलींनी, त्यातल्या कित्येक अस्पृश्य मानलेल्या घरांतल्या.

माझ्या पणजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिथेच झाली. घरचे पाणी तांब्यात भरून ती सोबत घेऊन गेली होती. डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे तो तांब्या तिच्या ओठांना कोण लावते आहे हे तिला दिसत नव्हते. आवाजावरून मात्र कळले. ती काही बोलली नाही, पाणी प्यायली. घरी परतल्यावर तिने तांब्या चिंचेने दोनदा घासला.

पुढच्या वर्षी सून अडली, तेव्हा गाडी जुंपायला सांगितली ती पणजीनेच. “मिशनात न्या,” म्हणाली.